नासक्या कोबीबद्दल आभार

लहानपणी आमच्या घरी गरम जेवण कधी मिळालं नाही. स्वयंपाकाला उशीर व्हायचा म्हणून नव्हे. आई वेळेवर ताटं वाढायची. उशीर व्हायचा तो तिच्या प्रार्थनेने.

माझी आई म्हणजे कांताबाई घाटविसावे. खडकीच्या आमच्या दोन खोल्यांत जेवणाआधी देवाचे आभार मानायचं काम तिच्याकडे होतं आणि ते आभार ती घाऊक मानत नसे. डोळे मिटायची, हात जोडायची आणि सुरू व्हायची. "बापा, या मेथीबद्दल तुझे आभार. तिच्या कडूपणाबद्दल आभार. लसणाबद्दल आभार, आणि आज तो जळू दिला नाहीस त्याबद्दलही. ज्वारीबद्दल, आणि ती दळताना गिरणीतली वीज गेली नाही त्याबद्दल..." माझे वडील हिंमतराव, खडकीच्या कारखान्यातले फिटर, एक डोळा किलकिला करून भाकरीवरची वाफ विरताना बघत बसायचे.

एकदा आमेन झाल्यावर ते म्हणाले, "कांता, देवाला मेनू ठाऊक असेल. वाचून दाखवायची गरज नाही."

"त्याला ठाऊक आहे हो," आई म्हणाली. "तुम्हाला ठाऊक व्हावा म्हणून वाचते."

ही सवय तिला नगरच्या मिशन बोर्डिंगात लागली होती. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. चाळीस मुली, ताटात भाकरी आणि पातळ आमटी. बोर्डिंगच्या बाईंचा नियम असा, की प्रत्येक मुलीने ताटातल्या एका गोष्टीबद्दल आभार मानायचे आणि आधी कुणी घेतलेलं नाव पुन्हा घ्यायचं नाही. पहिल्या दोघी भाकरी आणि आमटी संपवायच्या. उरलेल्या अडतीस जणींनी काय करायचं? मग मीठ, हळद, पाणी, चुलीतलं लाकूड, भाकरीचा पापुद्रा, पापुद्र्यावरचा डाग. आईचा नंबर एकतिसावा होता. ती सांगते, की तिने एकदा आमटीत दिसलेल्या स्वतःच्या चेहऱ्याबद्दल आभार मानले होते आणि बाईंनी ते चालवून घेतलं होतं.

अशी बाई स्वयंपाकातच रमणार. आधी एका कॉलेजच्या हॉस्टेलच्या मेसवर आणि २००० सालापासून हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती मुख्य स्वयंपाकीण झाली. रोज दुपारी सातशे पोरंपोरी गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे अडकवून रांगेत उभी राहायची. मीही तेव्हा दुसऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले होते, त्यामुळे ती पोरं कशी जेवतात हे मला माहीत होतं. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात कामाचे कागद. ताटात काय आहे हे त्यांना ताट परत ठेवतानाही सांगता आलं नसतं. आई म्हणायची, "नसू दे. त्यांच्या वाटचं मी म्हणते." आणि काउंटर उघडण्याआधी भटारखान्यात पातेल्यांसमोर उभी राहून ती सातशे जणांच्या वतीने प्रार्थना करायची. आटोपशीर. फक्त पाच मिनिटांची.

२००२च्या ऑगस्टात तिला ताप आला. आठ दिवसांनी उतरला. नवव्या दिवशी तिने चहा केला, एक घोट घेतला आणि मला म्हणाली, "दीपमाला, यात आलं घातलंस का?"

"तूच किसलंस की आत्ता."

तिने पुन्हा घोट घेतला. मग कप खाली ठेवला आणि कांदा उचलून नाकाला लावला. मग लसूण. मग हिंगाची डबी उघडून तिच्यात जवळजवळ नाकच घातलं. आम्हाला शिंका आल्या. तिला काहीच नाही.

डॉक्टरांनी बॅटरी मारून नाक तपासलं आणि सांगितलं, की तापाने नाकातल्या नसा दुखावल्या आहेत. वास परत येईल, किंवा येणार नाही.

"केव्हा येईल?" आईने विचारलं.

"मला पत्र आलं की कळवतो," डॉक्टर म्हणाले. खडकीचे असले तरी ते शिकले सदाशिव पेठेत होते.

वास गेला की चवही जाते, हे आम्हाला तेव्हा कळलं. मीठ तिला कळायचं, आंबट कळायचं, मिरची झोंबायची. बाकी सगळा ओला पुठ्ठा. "मेथी आणि पालक यांच्यात आता फक्त पानांचा फरक राहिलाय," ती म्हणाली.

त्या रात्री जेवायला बसलो. आईने डोळे मिटले. आम्ही नेहमीसारखे लांबच्या मुक्कामाच्या तयारीने बसलो. ती म्हणाली, "बापा, ताटात अन्न आहे. त्याबद्दल आभार. आमेन."

पप्पांचे डोळे अजून धड मिटलेही नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही चटका बसणारी भाकरी खाल्ली आणि तिघांपैकी एकालाही ती गोड लागली नाही.

आठवडाभराने पप्पाच म्हणाले, "कांता, थोडी लांबव की."

"कशी लांबवू? जे कळतच नाही त्याचे आभार मानले, तर ते खोटं होईल. माणसाशी खोटं बोलले तर एक वेळ..."

"एक वेळ चालेल?"

"नाही चालणार. पण हे तर मुळीच नाही."

कँटीनमध्ये मात्र प्रार्थना छोटी करून भागणार नव्हतं. कामावर परत गेल्यावर तिसऱ्याच दिवशी डाळ करपली आणि आई त्याच डाळीशेजारी उभी राहून शांतपणे कोथिंबीर चिरत होती. सरुबाई धावत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

सरुबाई हिंजवडीशेजारच्या माण गावच्या. घरची शेती आयटी पार्कात गेली होती, पैसे आले होते, दारात स्कॉर्पिओ उभी होती. पण घरात बसून त्यांना करमेना, म्हणून त्या कँटीनच्या कामाला लागल्या. पुतण्या सर्जेराव रोज त्यांना स्कॉर्पिओतून सोडायला यायचा. खाली उतरून त्या कांदे सोलायला बसायच्या. घरी त्यांनी सांगितलं होतं, की आपण 'सुपरवायझर' आहोत.

"कांताबाई, डाळ जळली. वास न्हाय आला?"

आईने सगळं सांगून टाकलं. सरुबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येवढंच व्हय? मंग माझं नाक हाय की. तुमी करा, म्या चाखते."

तेव्हापासून तसंच चाललं. आई हाताच्या अंदाजाने फोडणी करायची, सरुबाई चाखून सांगायच्या. आईच्या मनाला टोचणी होती. मॅनेजर इंद्रजीतने विचारलं तर लपवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण इंद्रजीत विचारणार कसा? उलट सप्टेंबरपासून अभिप्रायाच्या वहीत कौतुकच येऊ लागलं. 'आमटी अप्रतिम.' 'आमटी पुन्हा कधी?' एकाने तर इंग्रजीत अर्धं पान लिहिलं होतं. आई घरी येऊन म्हणायची, "मी पुठ्ठा शिजवते आणि पोरं बोटं चाटतात. देवाची करणी आहे, दुसरं काय."

असं सव्वा वर्ष गेलं.

आमच्या चर्चमध्ये नोव्हेंबरात उपकारस्तुतीचा रविवार असतो. लोक पिकांचा पहिला वाटा आणतात. शेतं कुणाचीच राहिली नसली तरी भाज्या, फळं, धान्य, कणसं यांनी वेदी सजवतात आणि वर्षभराच्या अन्नाबद्दल देवाचे आभार मानतात. २००३ साली भगिनी मंडळाने भाज्यांचं काम आईवर टाकलं. आदल्या दिवशी सकाळी मी तिला स्कूटीवर घेऊन मंडईत गेले.

तुळजाबाई म्हणून एक भाजीवाली आईच्या ओळखीची होती. तिच्या गाळ्यावर आईने लाल भोपळा वाजवून बघितला, वांगी दाबून बघितली, मुळे निवडले. सगळं बोटांनी आणि डोळ्यांनी. मग मागच्या बाजूची गाजरं बघायला म्हणून ती दोन पावलं आत गेली आणि तिथेच थांबली.

"दीपमाला, काहीतरी आलं."

"कोण आलं?"

"वास."

गाळ्याच्या मागे काढून टाकलेल्या कोबीच्या पाल्याचा ढीग होता. चार दिवसांचा तरी असावा. माझा हात आधीच नाकावर गेला होता. आई मात्र त्या ढिगासमोर उकिडवी बसली. एक काळपट, चिकट पान तिने उचललं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला.

"अहो बाई," तुळजाबाई ओरडली, "तो नासलाय! नाकाला काय लावता?"

"नासलाय!" आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "नासलाय ना? किती नासलाय! पार नासलाय!"

"ताजा देते की, हा बघा..."

"नको! ताज्याला इतका वास नसतो!" तिने ते पान माझ्यापुढे नाचवलं. "घे, घे वास! बापा, या नासक्या कोबीबद्दल तुझे आभार!"

शेजारचा लिंबूवाला तराजू हातात धरून बघतच राहिला. तुळजाबाईने मला हळूच विचारलं, "यांचं सगळं ठीक आहे ना?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. मग तिने आम्हा दोघींना पाणी दिलं आणि झाली हकिकत ऐकल्यावर आईच्या हातात कोथिंबिरीची जुडी ठेवली. "हिचा घ्या आता. शोभेल जरा."

कोथिंबिरीचा वास आला नाही. आल्याचा आला. लिंबाचा अर्धवट आला. पेरूच्या पाटीपाशी आई दोन मिनिटं उभी राहिली, हताश होऊन वळली आणि वळता वळता तिला तो आला. "आला गं आला!" म्हणत तिने माझ्या पाठीत असा धपाटा मारला, की हातातले मुळे खाली पडले.

पुढे घरी जायला आम्हाला तीन तास लागले. पायांत भोपळा, मांडीवर मुळे आणि मागे आई. दर शंभर पावलांवर ती माझा खांदा दाबायची. "थांब! हे काय?" रिक्षाचा धूर. "थांब! हे?" गटार. "वा!" आमच्या वाटेवर नसताना तिने मला नारायण पेठेत वळायला लावलं, कारण वाऱ्यावर काहीतरी गरम, पिठूळ आलं होतं. ती निघाली पिठाची गिरणी. गव्हाचं दळण चाललं होतं. आई उंबऱ्याशी उभी राहून हुंगत राहिली. गिरणीवाल्याने चष्म्यावरून बघितलं.

"काय दळायचंय?"

"काही नाही. वास घेतेय."

"घ्या. वास फुकट आहे. पण जरा बाजूला उभ्या राहून घ्या, गिऱ्हाइकांना आत यायचं असतं."

आई बाजूला उभी राहून हसायला लागली. इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. गिरणीवाला काही हसला नाही, पण निघताना म्हणाला, "दोन वाजता बाजरी लावणार आहे. तिचा जास्त येतो." आई थांबायला तयार होती. मी तिला ओढून नेलं.

पप्पांना तिने दारातच सांगितलं. ते नुकतेच कामावरून आले होते, घामाने थबथबलेले. आईने त्यांच्या खांद्याशी नाक नेलं आणि म्हणाली, "अहो, किती वाईट वास येतोय तुम्हाला!" आणि त्यांना मिठी मारली. पोरीसमोर मिठी मारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पप्पा अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, "सव्वा वर्षाने कौतुक झालं, तेही असं."

दुसऱ्या दिवशी उपासनेला आई सगळ्यांत आधी पोचली. वेदीपाशी भोपळे, कणसं, सीताफळं, केळीचे घड मांडताना तिने प्रत्येकाचा वास घेतला. काहींचा आला, काहींचा नाही. गीत चालू असतानाही ती मधेच पुढे जाऊन एक सीताफळ हुंगून आली. उपासनेनंतर आवारात मांडव घालून प्रीतिभोजन होतं. दीडशे माणसं, बिर्याणी, कोशिंबीर आणि शिरा. पाळकसाहेबांना बातमी कळली होती. ते म्हणाले, "कांताबाई, आज भोजनाची प्रार्थना तुम्ही करा."

पप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "पाळक नवीन आहेत."

आई उभी राहिली. डोळे मिटले. "बापा, आल्याबद्दल तुझे आभार. पेरूबद्दल आभार. पिठाच्या गिरणीबद्दल आणि तिथल्या गृहस्थांबद्दल आभार. नासक्या कोबीबद्दल आभार. रिक्षाच्या धुराबद्दल आभार. गटाराबद्दल..."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. आई थांबली नाही. तिचं तिलाच हसू फुटत होतं, शब्द हसण्यातून वाट काढत बाहेर येत होते. "माझ्या नवऱ्याच्या घामाबद्दल आभार..." इथे सगळा मांडवच हसला. म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हलत होत्या. मी पप्पांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. दोन्ही.

सात-आठ मिनिटांनी पाळकसाहेब हळूच म्हणाले, "कांताबाई, बिर्याणी..."

"हो, तिच्याकडेच येतेय," आई डोळे न उघडता म्हणाली.

आणि आली. तांदळाबद्दल, कोंबडीबद्दल, कोंबडी नीट शिजली त्याबद्दल, दालचिनीबद्दल, जिचा वास तिला अजून येत नव्हता पण येईल त्याबद्दल. दीडशे माणसांनी थंडगार बिर्याणी खाल्ली आणि कुणी कुरकुर केली नाही. एका आजोबांनी फक्त एवढंच सांगितलं, की पुढच्या वर्षी ही प्रार्थना शिऱ्याच्या वेळी ठेवावी, शिरा थंडही चालतो.

सोमवारी आई कामावर गेली. पुढचं मी आईकडून आणि सरुबाईंकडून वेगवेगळं ऐकलं आहे. आईच्या सांगण्यात सरुबाई घाबरतात आणि सरुबाईंच्या सांगण्यात आई. पण बोलणं दोघीही सारखंच सांगतात.

आईने वास परत आल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. आमटी झाल्यावर तिने पळीभर तळहातावर घेतली आणि चाखली. मग पुन्हा घेतली.

"सरुबाई, हे काय आहे?"

"आमटी."

"ही माझी आमटी नाही."

सरुबाईंच्या हातातला कांदा तसाच राहिला. "तुमाला कळतंय?"

"परवापासून. यात काय घातलंय?"

"काळं तिखट. घरचं. अन् हितल्याच डब्यातलं शेंगदान्याचं कूट." त्यांनी पदराच्या गाठीतली पुडी काढून दाखवली. "कांताबाई, रागावू नगा. पयल्या दिशी तुमी इचारलं, कशी झाली? म्या म्हनलं, बरी हाय. पर ती दवाखान्यातल्यावानी हुती. मंग म्या पुडी आनली."

"आणि रोज मी विचारायचे तेव्हा?"

"तवा म्हनायची, झ्याक झाली. ते खोटं न्हवतं."

आईने तिसऱ्यांदा आमटी घेतली. म्हणजे वहीतलं सगळं कौतुक, ते इंग्रजी अर्धं पान, देवाची करणी, हे सगळं पदराच्या गाठीत होतं तर. तिला हसू आलं. सरुबाईंना आधी कळेना, मग त्याही सुरू झाल्या. इंद्रजीत आत आला तेव्हा त्याच्या दोन्ही स्वयंपाकिणी कांद्याच्या पोत्यांवर बसून हसत होत्या आणि गॅसवर काहीतरी उतू चाललं होतं.

आईने उभं राहून त्याला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. त्याने आमटीकडे पाहिलं, सरुबाईंकडे पाहिलं.

"म्हणजे सव्वा वर्ष कंपनी यांच्या जिभेवर जेवतेय?"

"हो."

"उत्तम," इंद्रजीत म्हणाला. "मी काही ऐकलेलं नाही. फक्त ती पुडी संपू देऊ नका." आणि गॅस बंद करून तो निघून गेला.

आईला तेवढ्याने बरं वाटेना. तिने खडूने मेनूच्या फळ्यावर 'आमटी' पुसून 'सरुबाईंची आमटी' लिहिलं. आठ दिवसांत ते माणपर्यंत पोचलं आणि सुपरवायझर चुलीपाशी असते हे घरी कळलं. सर्जेराव म्हणाला, "काकी, असली आमटी आमाला का न्हाय?" सरुबाई म्हणाल्या, "रोज करत हुते. तुमी पिझ्झा मागवत हुता."

त्या सोमवारी गर्दी ओसरल्यावर अडीच वाजता दोघी जेवायला बसल्या. आईने हात जोडले. सरुबाईंनी तिला थांबवलं.

"तुमी समद्यांची नावं घेता. माझ्या रानाचं बी घ्या की. हे कँटीन हाय ना, हितंच ज्वारी हुती आमची."

"काय नाव रानाचं?"

"बाभळीचं रान."

आईने सांगितलं, की बाभळीच्या रानाबद्दल आभार मानताना तिला नेहमीसारखे पुढचे शब्द सुचले नाहीत, म्हणून ती तेवढ्यावरच थांबली आणि दोघींनी आमटी गरम असतानाच खाल्ली.

आई २०११ला निवृत्त झाली. वास एकेक करून जवळजवळ सगळे आले. दालचिनी त्याच नाताळात आली, कोथिंबीर दोन वर्षांनी. गुलाबाचा मात्र आजतागायत नाही. परवा मी तिला विचारलं, त्याचं वाईट वाटतं का?

"छे," ती म्हणाली. "गुलाब खातं कोण?"

पप्पा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "गुलकंद."

आई उठली, चपला घातल्या आणि गुलकंद आणायला बाजारात गेली.